हेलनबाईंच्या परसात माती कमी पडली

अमेरिकेत घर विकत घेतलं म्हणजे त्याच्या खालची जमीनही आपली झाली, असं समजायचं नसतं.

हे मला घर पसंत केल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी ते पसंतच केलं नसतं आणि पुढचं सगळं टळलं असतं. (सुनंदा म्हणते, टळलं नसतं. तुम्ही दुसरं काहीतरी केलं असतं.)

सुनंदा म्हणजे माझी बायको. ती नर्स आहे. नागपुरात नर्सिंग करून, इथल्या परीक्षा देऊन ती पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात लागली आणि तिच्या पदराला धरून मी आणि आमची सई अमेरिकेत उतरलो. माझी शाळा नववीत सुटली. मी सोडली असं सांगतो, पण शाळेनंही फारसा आग्रह केला नव्हता. आता मी त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. ज्या चादरींवर सुनंदा पेशंट झोपवते, त्या मी धुतो. काम चांगलं, माणसं चांगली. मी देवाचे, अमेरिकेचे आणि सुनंदाचे रोज आभार मानतो. त्यातले सुनंदाचे तोंडावर मानावे लागतात, बाकी दोघांचे मनातल्या मनात चालतात.

माझा एकच दोष आहे, मला काळजी लागते. गावी होतो तेव्हा तिला भरपूर काम होतं. लाइट जायची, नळ जायचा, एसटी जायची. इथं काहीच जात नाही. काळजी नुसती बसून होती बिचारी. आणि मग घराचं निघालं.

हेलनबाई सुनंदाच्या वॉर्डात होत्या, खुब्याचं हाड मोडून. वय झालेलं, नवरा गेलेला, मुलगी ॲरिझोनात चँडलरला. तिकडंच राहायला जायचं ठरत होतं. घरी सोडताना त्यांनी सुनंदाचा हात धरला आणि म्हणाल्या, “मी विक्रीची पाटी लावायच्या आधी तू येऊन बघून जा.”

आम्ही गेलो. स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून तासाभरावरचं डोंगरातलं गाव. पिवळं घर, मागं परस, परसात भाज्यांचा वाफा. सुनंदा स्वयंपाकघरात गेली, सिंकवरच्या खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “हे.”

एवढंच. आजवर तिनं जे काही मागितलं ते सईसाठी, माझ्यासाठी नाहीतर पेशंटसाठी. स्वतःसाठी तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही एका अक्षरात! मी हो म्हटलं. हेलनबाई हो म्हणाल्या. पुढच्या रविवारी एजंट कागद घेऊन येणार, सह्या होणार. तोवर सगळा व्यवहार शब्दावर.

आणि त्याच आठवड्यात नेपरव्हिलहून माझ्या मेहुण्याचा, प्रशांतचा फोन आला.

प्रशांत आयटीत आहे. त्यानं नुकतंच स्वतःचं घर घेतलं होतं, आणि नुकतंच घर घेतलेल्या माणसाइतका ज्ञानी माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसतो.

“भाऊजी, काँग्रॅट्स! टाउन कुठलं?”

मी सांगितलं.

“अरे यार.”

‘अरे यार’नंतरची शांतता मला कधीच मानवत नाही.

“तो कोल बेल्ट आहे ना, भाऊजी? माइन मॅप चेक केला का?”

“कशाचा मॅप?”

“खाणींचा हो. जुन्या कोळशाच्या खाणी. घराखालून गेलेल्या असतात. आणि तिकडच्या खरेदीखतात लिहिलेलंच असतं की खालचा कोळसा तुम्हाला विकलेला नाही. सपोर्टही विकलेला नाही.”

“सपोर्ट म्हणजे?”

“घराला खालून असतो तो आधार. तो विक्रीत येत नाही.”

“मग घर उभं कशावर आहे?”

“टेक्निकली?” प्रशांतनं जरा विचार केला. “टेक्निकली, सवयीवर.”

इथं सांगायला हवं, की मी चंद्रपूरकडचा आहे. कोळसा मला नवा नाही. आमच्या गावाला लागूनच खाण होती. दुपारचा बार उडाला की घराघरांतली ताटं वाजायची आणि लोक जेवायला बसायचे. मामीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग पडली, तेव्हा पहिल्या वर्षी मामीनं तिच्यात फणी ठेवली. दुसऱ्या वर्षी फणी आणि आरसा. तिसऱ्या वर्षी तिथं मांजर व्यालं! त्या गावातून निघून, विमानं बदलत, पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला येऊन मी जे घर पसंत केलं, त्याच्याखालीही खाणच!

मी सईला बोलावलं. सई दहावीत आहे, म्हणजे शिक्षणात माझ्यापुढं निघून गेलेली आहे.

“हा पत्ता त्या खाणीच्या नकाशात टाकून बघ बरं.”

तिनं लॅपटॉपवर नकाशा उघडला. त्यावर लाल रंग असा पसरला होता की मला वाटलं, स्क्रीनच बिघडली.

“बाबा, इट्स एव्हरीवेअर.”

“म्हणजे कुठं?”

“होल टाउन. स्कूल पण. चर्च पण. फायर स्टेशन पण.”

“आणि आपलं घर?”

तिनं झूम केलं. “आपलं पण. काँग्रॅट्स, बाबा. वी बिलाँग.”

दुसऱ्या दिवशी मी सरकारी ऑफिसला फोन लावला. सरकारी ऑफिसशी फोनवर बोलताना मी उभा राहतो, ही गावची सवय. पलीकडची बाई अतिशय गोड होती. तिनं पत्ता घेतला, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, “येस सर. तुमच्या घराखाली खाण आहे. जुनी आहे, कधीच बंद झालेली आहे, आणि पुष्कळ खोल आहे.”

“रिकामी आहे का?” मी विचारलं.

“सर,” ती मायेनं म्हणाली, “खाण रिकामीच असते.”

“थँक्यू,” मी म्हणालो. तिला अजून काहीतरी सांगायचं होतं. “पण सर, काळजीचं कारण...” इथवर ऐकू आलं. पण घाबरलो की थँक्यू म्हणून फोन ठेवायचा, अशी मला खोड आहे.

सुनंदाला सांगावं तर ती पडद्यांत बुडालेली. स्वयंपाकघराच्या खिडकीला कसले पडदे शोभतील, यावर तिचं वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसशी बोलणं चाललेलं.

“अहो, जाड घेऊ की कॉटनचे?”

“हलक्यात हलके घे.”

“आणि ते मोठं लाकडी डायनिंग टेबल?”

“नको.”

“मग जेवायचं कशावर?”

“मांडीवर घेऊन जेवू. सवय आहे आपल्याला.”

तिनं माझ्याकडं नर्सच्या नजरेनं पाहिलं, कपाळाला हात लावला, ताप नाही म्हटल्यावर पुन्हा पडद्यांकडं वळली. आता मात्र कुणाशी तरी बोलायलाच हवं होतं. मी गावी मामाला फोन लावला.

मामानं जन्मात एकही घर बांधलेलं नाही, पण दुसऱ्यांच्या प्रत्येक घराच्या पायाभरणीला तो हजर असतो.

“का गा दिवाकर, आवाज काऊन असा?”

मी सगळं सांगितलं.

“नकाशे-बिकाशे राहू दे,” मामा म्हणाला. “जागा सोतःच सांगते. हातभर खड्डा खोद. हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल. मंग त्याचीच माती त्याच्यातच भर. माती उरली तं जागा सोनं. बरोबर भरली तं चालते. कमी पडली तं...”

“तर?”

“तं पळ.”

“पण मामा, ते घर अजून आपलं झालं नाही. दुसऱ्याच्या परसात कसं खोदू?”

“अरे, तवाच तं खोदायचं असते! आपलं झाल्यावर खोदून का फायदा?”

मामाच्या बोलण्याला कुणाकडंच उत्तर नसतं, म्हणून गावात त्याचं कुणी ऐकत नाही. (मी गावात राहत नाही.)

शनिवारी सुनंदा ड्यूटीवर गेली आणि मी हेलनबाईंकडं गेलो. गवत कापून देतो म्हणालो.

“डेव्ह, किती गुणाचा रे तू!” हेलनबाई म्हणाल्या. (दिवाकर त्यांना जड जातं.) आणि त्या वॉकर सरकवत टीव्हीपुढं जाऊन बसल्या.

गवत मी मनापासून कापलं. ते खोटं नव्हतं. मग शेडमधून फावडं घेतलं आणि बरोब्बर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीपासून थोडं अंतर सोडून खड्डा घ्यायला लागलो. जिथं सुनंदा उभी राहणार, तिथलीच जमीन तपासलेली बरी! निघालेली माती चादर अंथरून तिच्यावर ठेवली, म्हणजे हिशोबात चूक नको. खोली मोजायला पालथा झोपून कोपरापर्यंत हात आत घातला. हातभर. झकास खड्डा. मामानं पाहिला असता तर त्याला गहिवरून आलं असतं.

मग भरायला घेतलं.

चादरीवरची निम्मी माती गेली, खड्डा होता तसा. सगळी गेली, तरी खड्डा होता तसाच. मी चादर झटकली. चादरीतून जे पडलं तेही गेलं. म्हटलं, अमेरिकेची माती आहे, कोरडी असते, बसत असेल. फुलांच्या ताटव्यातली थोडी आणून टाकली. गेली. भाजीच्या वाफ्यातली आणली, तिच्याबरोबर घेवड्याचे दोन वेल आले. तेही गेले. शेडमधली खताची अख्खी गोणी रिकामी केली. आतून ‘सुर्रर्र’ असा आवाज आला, आणि खड्डा पुन्हा आ वासून माझ्याकडं बघायला लागला. पंगतीत काही पाहुणे असतात, वाढणारा थकतो पण ते पुरे म्हणत नाहीत. तसं!

माती दाबून बघावी, असं माझ्या मनात आलं. मामानं दाबायला सांगितलं नव्हतं. ही माझी स्वतःची अक्कल. मी उजवा पाय खड्ड्यात ठेवला आणि जोर दिला.

पाय गेला. मांडीपर्यंत.

आता माझा उजवा पाय अमेरिकेच्या खाली आणि उरलेला मी वर, असा देखावा तयार झाला. पाय खाली लोंबकळत होता, त्याला काहीच लागत नव्हतं. खाण! मी हलायचं थांबलो. श्वाससुद्धा वरच्या वर घ्यायला लागलो, घरावर भार नको म्हणून. आणि तेवढ्यात खालून कुणीतरी माझा बूट हुंगला.

“आई गंऽऽ!”

हेलनबाई वॉकर घेऊन मागच्या दारात आल्या.

“डेव्ह, तू तिथं बसून काय करतोयस?”

एरवी माझं इंग्रजी बरं आहे. पण पाय जमिनीत असला की ते जरा आखडतं.

“चेकिंग,” मी म्हणालो.

“काय चेक करतोयस?”

“ग्राउंड.”

“मग?”

“नॉट गुड.”

शेजारचा रिक कुंपणावरून डोकावला. दाराच्या चौकटीएवढा माणूस, डोक्यावर टोपी. त्यानं मला पाहिलं, खड्डा पाहिला आणि मोठ्यांदा ओरडला, “सिंकहोल!”

आमच्या चंद्रपूरकडं लोक ज्या सुरात ‘वाघ!’ म्हणतात ना, घाबरून, पण थोडं खूश होऊन, तो सूर. जुन्या खाणी खचून जमिनीला भगदाड पडतं त्याला सिंकहोल म्हणतात, आणि आपल्या गल्लीत एखादं पडेल म्हणून रिक जन्मभर वाट बघत असावा.

“नो, नो, स्मॉल प्रॉब्लेम,” मी म्हणालो. पण त्याचा फोन केव्हाच कानाला लागला होता.

गावाचा भोंगा वाजला. इथलं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं: कुणी न्हावी, कुणी स्कूल बसचा ड्रायव्हर. सगळे हातातलं टाकून आले. लाल बंब अंगणातून घेवड्याच्या वाफ्यावरून थेट परसात आला. घराभोवती पिवळी टेप लागली. हेलनबाईंना उचलून रस्त्यापलीकडं खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर शाल दिली. शेजारीपाजारी आपापल्या खुर्च्या घेऊन आले. कुणीतरी लिंबू सरबताचा जग आणला. म्हातारे एकमेकांना जुनी सिंकहोलं सांगायला लागले.

“कुणीही हलू नका!” दलाचा प्रमुख ओरडला.

ही एकच गोष्ट त्या दिवशी मी बिनचूक पाळली.

त्यांनी जमिनीवर लाकडी फळ्या टाकल्या आणि त्यांवरून पोटावर सरपटत ते माझ्याकडं यायला लागले. पहिल्यानं पोचून मला विचारलं, “सर, एक ते दहामध्ये दुखणं किती आहे?”

लाज धरून की लाज सोडून, असं विचारावंसं वाटलं. मी म्हटलं, “थँक्यू.”

तेवढ्यात रस्त्यापलीकडून रिकचा आवाज ऐकू आला. “हेलन, आता हे घर कोण घेणार गं? आणि घेणारा सापडला, तरी तू कुठल्या तोंडानं विकणार?”

हेलनबाईंनी गुडघ्यांवरची शाल आणखी वर ओढून घेतली.

मग मात्र मला खरंच दुखलं.

आणि सुनंदा आली. ड्यूटीच्याच कपड्यांत, सईला घेऊन. ‘पिवळ्या घरात माणूस गाडला गेला’ अशी बातमी हॉस्पिटलात माझ्याआधी पोचली होती.

“अहो!”

“सुनंदा, टेपच्या आत येऊ नको! जमीन पोकळ आहे!”

“तुम्ही काय केलंत?”

“माती कमी पडली.”

तीही विदर्भातली. तिला एवढ्यावरून सगळं कळलं. तिनं क्षणभर डोळे मिटले.

“मामा?”

“मामा,” मी म्हणालो.

सई फोन धरून शूटिंग करत होती.

“सई, बंद कर ते!”

“बाबा, इट्स फॉर एव्हिडन्स.”

“कशाचा एव्हिडन्स?”

“दॅट यू आर नॉट माय फॉल्ट.”

माझ्या काखांतून पट्टा घातला, सगळ्यांनी मिळून ओढलं, आणि मी बाहेर आलो. बूट आला नाही. प्रमुखानं बॅटरी आत मारून पाहिलं. “हं,” म्हणाला. मग म्हणाला, पाणी सोडा, म्हणजे कुठं जातं ते कळेल.

पाणी सोडलं. पाणी गेलं. पाइप धरणारा थकला तरी पाणी जातच होतं. खुर्च्यांवरचे लोक हळहळले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. सुनंदा खिडकीकडं बघत होती, तिच्या खिडकीकडं. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

आणि रिकच्या परसातून त्याची किंकाळी आली!

त्याच्या नव्याकोऱ्या शेडच्या खालून चिखल यायला लागला होता. चिखल, खत, घेवड्याचे वेल, माझा बूट. आणि या मिरवणुकीच्या शेवटी, भिजून चिंब झालेलं, तपकिरी, गुबगुबीत एक जनावर बाहेर आलं. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. आम्हा सगळ्यांकडं त्यानं एकदा शांतपणे पाहिलं. त्याच्यामागून त्याचं कुटुंब आलं.

“ग्राउंडहॉग,” प्रमुख म्हणाला. छातीत दुखतंय म्हणून धावत आलेल्या पेशंटला डॉक्टर ज्या सुरात ‘गॅस आहे’ म्हणतात, त्या सुरात.

ग्राउंडहॉग म्हणजे काय, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. घूस! आपल्या घुशीचा अमेरिकेत सेटल झालेला थोरला भाऊ. गावी घुशींची बिळं मी जन्मभर बुजवली. काचा टाकून बुजवली, खडी टाकून बुजवली, घूस शेजारच्याकडं निघते हेही पाहिलं. माती गिळणारा खड्डा दिसला की आमच्याकडचं शेंबडं पोरही ‘घूस’ म्हणतं. पण मी नकाशा बघून आलो होतो ना! नकाशा बघितलेल्या माणसाला घूस दिसत नाही.

“आणि खाण?” मी विचारलं.

“खाण आहे की,” प्रमुख म्हणाला. “पण तिथं पोचायला पाय बराच लांब लागेल.”

टेप गुंडाळली गेली. खुर्च्या गेल्या, सरबताचा जग गेला. मागं राहिलं ते हेलनबाईंचं परस: बंबाच्या चाकांचे चर, रिकामा ताटवा, चपटा झालेला घेवडा. हेलनबाई वॉकर टेकत आल्या, सगळ्यावरून नजर फिरवली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. हळूच लावलं.

गाडीनं परत निघालो. निम्म्या रस्त्यात सुनंदा म्हणाली, “मला सांगायचं तरी.”

“तू पडदे बघत होतीस.”

“म्हणून?”

“खूश होतीस. कशाला मोडायचं?”

“मग आता काय केलंत?”

मी बाहेर बघितलं. पाठीमागून सई म्हणाली, “मम्मा, ही वॉज वरीड अबाउट यू. लाइक, इन अ व्हेरी डंब वे.” माझ्या बाजूनं त्या दिवशी बोलली गेलेली ही एकमेव गोष्ट. मी ती जपून ठेवली आहे.

रविवारी सकाळी मी मातीची पोती, गवताचं बी आणि घेवड्याची रोपं घेऊन एकटाच गेलो. घर जाणार हे मी धरूनच चाललो होतो. पण परस नीट करून देणं माझ्या अंगावर होतं. गुडघ्यावर बसून चर बुजवायला लागलो. मागचं दार उघडलं. हेलनबाई पायरीवरच्या खुर्चीत येऊन बसल्या.

“डेव्ह.”

“सॉरी, मॅडम. घेवडा नवीन लावतो.”

“त्या वाफ्यातला घेवडा मी कित्येक वर्षांत खाल्लेला नाही,” त्या म्हणाल्या. “ते जनावर खायचं. माझ्या नवऱ्यानं पिंजरे लावले. मिरचीपूड टाकली. बिळाच्या तोंडाशी रेडिओ लावून ठेवला. रिटायर झाल्यावर माणसं मासे पकडतात, प्रवास करतात. हा त्या ग्राउंडहॉगशी लढला. आणि तो रिक रोज कुंपणावर रेलून आम्हाला हसायचा.”

“आय ॲम सॉरी.”

“आज पहाटे मी खिडकीतून पाहिलं. सगळं बिऱ्हाड रिकच्या शेडखाली कायमचं राहायला गेलंय.”

कुंपणापलीकडून रिकचा आवाज आला. काकड्यांबद्दल तो काहीतरी ओरडत होता. चर्चला जायच्या कपड्यांत बोलू नये असं. हेलनबाईंनी ते डोळे मिटून ऐकलं, भजन ऐकावं तसं.

“एजंट दुपारी येतोय,” त्या म्हणाल्या. “बायकोला घेऊन ये.”

“पण... खाण?”

“डेव्ह, माझे वडील त्या खाणीत होते. मी जन्मभर तिच्या वर झोपले. गावात सगळे जण सरकारी विमा काढतात आणि गाढ झोपतात. त्या ऑफिसातल्या बाईनं तुला सांगितलं नाही?”

“सांगणार होती बहुतेक,” मी म्हणालो.

दुपारी एजंटनं कागद वाचले. खालचा कोळसा विकलेला नाही. आधार विकलेला नाही. पुढं कधी जमीन खचली तर तक्रार चालायची नाही. तो प्रत्येक कलमाला थांबून आमच्याकडं गंभीरपणे बघत होता. सुनंदा मान हलवत होती. शेवटी हेलनबाईंनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली होती: घराचा ताबा मिळेपर्यंत खरेदीदाराच्या नवऱ्यानं जागेवर खोदायचं कुठलंही हत्यार आणू नये. एजंट म्हणाला, असं कलम त्यानं आजवर पाहिलेलं नाही, हवं तर यावर बोलता येईल. सुनंदानं पेन घेतलं आणि सगळ्यात आधी त्याच ओळीखाली सही केली.

पडदे लागले आहेत, कॉटनचे. टेबलही आलं, लाकडी, चांगलं जड. सुनंदा ड्यूटीवरून आली की खिडकीपाशी चहा घेऊन उभी राहते आणि मी तिच्या पायाखाली बघत नाही. प्रयत्न करतो.

विम्याचा माणूस घर बघायला आला होता. भिंती तपासल्या, तळघर पाहिलं, फोटो काढले. मग त्यानं विचारलं, “या जागेत आजवर जमीन खचलेली आहे का?”

“खाणीमुळं नाही,” सुनंदा म्हणाली.

मी उभा राहिलो आणि माझ्या चांगल्यातल्या इंग्रजीत विचारलं, समजा, नवऱ्यानं खोदल्यामुळं घर खचलं तर विमा भरून देतो का? तो हसला. मग त्यानं सुनंदाच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसायचा थांबला.

“नाही सर,” तो म्हणाला. “आमच्याकडं फक्त कोळशाच्या खाणी कव्हर होतात.”

तो विमा त्याच दिवशी काढला. दुसरा कुठं मिळतो का, ते सुनंदा अजून शोधते आहे.